निरगाठ की सुरगाठ?

मराठीचा प्राध्यापक म्हणून गेली वीस वर्षे मी मुलांना ‘गाठ’ हा शब्द शिकवीत आलो आहे. लग्नगाठ, खूणगाठ, गाठभेट, गाठीशी असलेला पैसा. ओढली की सुटते ती सुरगाठ आणि ओढावी तितकी आवळत जाते ती निरगाठ. फळ्यावर हा पसारा मांडताना मला मोठी मौज वाटे. पण २०२३ च्या पावसाळ्यात हाच शब्द आमच्या घरात शिरला आणि सगळी मौज कुठल्या कुठे पळाली.

आमचे घर इगतपुरीचे. वडील रेल्वेत होते, थोरले बंधूही रेल्वेतच चिकटले. आषाढात इथे धुके असे उतरते की समोरच्या घराचा दिवा दिसत नाही; घाट चढून आलेल्या गाड्यांच्या शिट्ट्या तेवढ्या ऐकू येतात. अशाच एका संध्याकाळी दादा नाशिकहून सोनोग्राफी करून आला. निथळती छत्री कोपऱ्यात उभी केली, पाकीट माझ्या हातात दिले आणि म्हणाला, “वाच. तू शिकलेला आहेस.”

यकृताच्या उजव्या भागात १९ मिलिमीटरची गाठ, पुढील तपासणी आवश्यक, असे त्यात होते. मी ते मराठीत सांगितले मात्र, वहिनींच्या हातातली कपबशी किणकिणली.

इतके घाबरण्याचे कारण सांगायला हवे. दादाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा २०११ साली वहिनींनी आपले एक मूत्रपिंड त्याला दिले. आपल्या देशात १९९४ साली अवयवरोपणाचा कायदा झाला, त्यात जवळच्या नातलगांमध्ये पती-पत्नीही धरलेली आहेत. रक्तगट जुळला, आणि मुंबईत शस्त्रक्रिया झाली. पुष्कळांना वाटते की जुनी मूत्रपिंडे काढून त्यांच्या जागी नवे बसवतात. तसे नव्हे. जुनी बहुधा जागच्या जागीच राहतात आणि नवे ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या कुशीत बसवतात. म्हणजे माणूस तीन मूत्रपिंडांचा धनी होतो. राबते मात्र एकच. दर वर्षी त्याची सोनोग्राफी होते, आणि ते करताना डॉक्टर वर यकृताकडेही नजर टाकतात. आमची गाठ सापडली ती अशी.

ही विद्या तशी फार जुनी नाही. १९५४ साली बोस्टनमध्ये एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले आणि ते टिकले. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली पहिला प्रयत्न झाला, आणि १९७१ साली वेल्लोरला जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसवले गेले. जुळ्यांचे ठीक, पण परक्याचा अवयव शरीर सहज स्वीकारत नाही. त्याची प्रतिकारशक्ती त्या पाहुण्यावर तुटून पडते. तिला लगाम घालणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. दादा घेतो ती टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा येथील मातीतल्या एका जिवाणूपासून मिळाली. आमच्या घरचा संसार त्या मूठभर मातीवर उभा आहे, असे मी गमतीने म्हणत असे.

पण लगाम घातलेली प्रतिकारशक्ती रोगजंतूंशीही जरा ढिलाईने लढते, आणि अशा माणसांत काही कर्करोगांचा धोका इतरांपेक्षा वाढतो. हे आम्हांला ठाऊक होते. म्हणूनच त्या १९ मिलिमीटरनी आमची झोप उडवली.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समाचाराला आलेल्या एका हितचिंतकांनी दादाला बाजूला घेऊन सांगितले, “या गोळ्यांनीच गाठ आली बघ. बंद कर, आणि गुळवेलीचा काढा सुरू कर. प्रतिकारशक्ती वाढेल.” माणूस मनाचा चांगला, पण ज्या शक्तीला आवर घालण्यासाठी बारा वर्षे आटापिटा चालला होता, तीच तो वाढवायला सांगत होता! शिवाय २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वाद झाला. तो वाद तज्ज्ञांचा. पण उसन्या मूत्रपिंडावर जगणाऱ्याने त्याची परीक्षा आपल्या देहावर का पाहावी?

काढा दादाने घेतला नाही. पण पाचव्या दिवशी वहिनींनी गोळ्यांची पाकिटे मोजली, तर चार दिवसांच्या गोळ्या जास्त भरल्या. त्या माऊलीने आयुष्यात आवाज चढवलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी चढवला. “अहो, मी माझ्या पोटातलं काढून दिलं ते तुम्ही असं टाकून द्यावं म्हणून?” दादा मान खाली घालून बसला. मग हळूच म्हणाला, “मला त्या गाठीची भीती वाटली गं.” वहिनींनी पाण्याचा पेला आणि गोळी पुढे केली.

दुसऱ्याच दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने आम्ही तिघे मुंबईला निघालो. वहिनींच्या मांडीवर नाडीने बांधलेली एक जुनी कापडी पिशवी होती. तिच्यात बारा वर्षांचे कागद.

डॉक्टरांनी रागावण्याआधी रक्त तपासले. क्रिएटिनिन थोडे चढले होते. “गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात ना? मग आता यकृताकडे पाहू,” ते म्हणाले, आणि आम्हांला समजेल असे बोलू लागले. यकृतातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. सर्वांत जास्त आढळते ती हिमॅन्जिओमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची गुंतवळ. ती अनेक निरोगी माणसांतही असते, त्यांना पत्ताही नसतो, आणि तिचा कर्करोग होत नाही. दुसरी फोकल नोड्यूलर हायपरप्लेझिया, तीही निरुपद्रवी. तिसरी ॲडिनोमा, तीही साधीच, पण मोठी झाली तर फुटून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित बिघडूही शकते, म्हणून तिच्यावर पाळत ठेवावी लागते, प्रसंगी काढावी लागते. मूत्रपिंडरोपणात पूर्वी फार वापरल्या गेलेल्या ॲझाथायोप्रिन या औषधाने काही रुग्णांच्या यकृतात लहान लहान गोळे किंवा रक्ताने भरलेल्या पोकळ्या झाल्याचेही आढळले आहे. दादा ते औषध घेत नव्हता.

“मग सुई घालून तुकडा का काढत नाही?” मी विचारले.

“रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात सुई घातली तर रक्तस्राव व्हायचा. आणि सीटीसाठी जे औषध शिरेतून टोचतात, ते मूत्रपिंडाला बाधू शकते. तुमच्या भावाकडे कामाचे एकच आहे, म्हणून गरज असेल तरच टोचायचे. जुने कागद आहेत का?”

वहिनींनी नाडी सोडली. डॉक्टर एकेक कागद पाहत गेले आणि एका पिवळट कागदापाशी थांबले. २०११ साली शस्त्रक्रियेपूर्वी केलेली सोनोग्राफी. तिच्यात शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिले होते: यकृताच्या उजव्या भागात १८ मिलिमीटरचा पांढरा ठिपका. त्या धामधुमीत ती ओळ आमच्यापैकी कोणीच मनावर घेतली नव्हती.

“गोळ्या सुरू होण्याआधीपासून ही गाठ इथे आहे,” डॉक्टर म्हणाले. “बारा वर्षांत १ मिलिमीटर, तेवढा फरक मोजण्यातही पडतो. कर्करोग इतका धीर धरत नाही.”

तरी त्यांनी हिपॅटायटिस बी आणि सीच्या तपासण्या केल्या, रक्तातील अल्फा फीटोप्रोटीन पाहिले, आणि काहीही न टोचता एमआरआय काढला. सगळे एकच सांगत होते: हिमॅन्जिओमा. उपचार? काही नाही. वर्षाकाठी पाहत राहायचे. पंधरवड्यात क्रिएटिनिनही मूळपदावर आले.

वाचकहो, आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत जुने कागद पहिल्यांदा रद्दीत जातात. कपाट अवश्य आवरा. पण दवाखान्याचे कागद तेवढे बाजूला ठेवा. महागड्या यंत्राला जे एका दिवसात सांगता येत नाही, ते बारा वर्षांपूर्वीचा पिवळा कागद सांगून जातो. आणि जन्मभराच्या गोळ्या कोणाच्याही सल्ल्याने बंद करू नका. भीती वाटली तर ती ज्याने गोळ्या दिल्या त्यालाच सांगा.

यंदाची सोनोग्राफीही झाली. गाठ जिथे होती तिथे, होती तेवढीच. वहिनींनी नवा कागद पिशवीत घातला आणि नाडी बांधली. मी सवयीने पाहिले; सुरगाठ होती.

“निरगाठ मारायची ना, वहिनी. कागद पडतील.”

“नको भावजी,” त्या म्हणाल्या, “पुढच्या वर्षी सोडायची आहे.”