विश्लेषण : विद्यार्थ्याचा छंद तुमच्या फोनपर्यंत कसा पोहोचला?

तुमचा फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या गाभ्यात लिनक्स आहे. सुरुवात १९९१ची. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने नव्या ३८६ संगणकावर ‘मिनिक्स’ ही शिकवण्यासाठी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. तिच्यातल्या उणिवा खटकल्या, म्हणून त्याने स्वतःचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यातला दुवा, लिहायला घेतला. ऑगस्टमध्ये तो जाहीर करताना त्याने त्याला केवळ छंद म्हटले होते.

मग हा छंद वाढला कशामुळे? पहिल्या परवान्यानुसार लिनक्स पैसे घेऊन वाटता येत नव्हते. १९९२मध्ये टोरवाल्ड्सने ‘जीपीएल’ परवाना स्वीकारला. कोड कोणालाही वाचता, बदलता, विकताही येऊ लागला. मुख्य अट अशी, की बदललेली आवृत्ती इतरांना दिली, तर तिचा कोडही द्यायचा. त्यामुळे एकाने केलेली सुधारणा सर्वांच्या कामी येऊ लागली.