शिकेकाईचे न्हाणे : कृती आणि कारणे

आमच्या लहानपणी बडोद्याच्या मराठी घरांतून आठवड्याचे डोक्यावरून न्हाणे म्हणजे एक लहानसा सोहळाच असे. बंब पेटे, घंगाळात कढत पाणी पडे, पितळी पातेल्यात शिकेकाईचे तांबूस पाणी निवत ठेवलेले असे आणि ‘डोळे घट्ट मीट’ असा हुकूम सुटे. हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा तेथल्या तेथे होई. ती ज्यांनी भोगली आहे त्यांस अधिक सांगणे नको.

पुढे साबण आला, त्यामागून शांपू आला आणि बरणी माळ्यावर गेली. आता नाती पुन्हा तिच्याविषयी विचारू लागल्या आहेत. बाजारातून पुडी आणतात, महिनाभर वापरतात आणि सोडून देतात. केस राठ झाले, चोथा अडकून बसला, तेल निघाले नाही, अशा तक्रारी आम्ही अनेक घरांतून ऐकल्या. त्या खोट्या नाहीत. पण दोष बहुधा वस्तूचा नसून रीतीचा असतो. आमच्याच घरी काय झाले ते सांगतो. काकू गेल्या, बरणी राहिली, पण प्रमाण त्यांच्याबरोबर गेले. त्या सारे मुठीने घालीत. मूठ कोणी मोजून ठेवली नव्हती. रिठा अंदाजाने दुप्पट पडला, त्या पाण्याने धाकट्या मुलीचे डोळे दिवसभर लाल राहिले आणि पुढे कित्येक महिने ती बरणीचे नाव काढू देईना. चार-पाच वेळा चुकून जे प्रमाण बसले ते येथे लिहून ठेवीत आहोत.

प्रथम ही द्रव्ये करतात काय, ते पाहू. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. त्यामुळे केसांवरचे तेल व मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. साबणाचे कामही असेच चालते. परंतु साबण क्षारयुक्त असतो, त्याने केसावरील बारीक खवले उघडतात आणि केस एकमेकांत गुंततात. शिवाय विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात (शाळेच्या पुस्तकात त्यास दुष्फेन म्हणत) साबणाचा चिकट साका होऊन तो केसांवर बसतो. शिकेकाईचे पाणी किंचित आम्ल असते आणि जड पाण्यातही तिचा असा साका होत नाही. ‘शिकेकाई साबण’ म्हणून जी वडी मिळते ती मात्र नाव काहीही असले तरी साबणच होय. आजचा शांपू साबण नव्हे, जड पाण्यातही तो चालतो, हे न्यायाने सांगितले पाहिजे. गंमत अशी, की शांपू हा शब्द आपल्याकडच्या ‘चांपणे’ या क्रियापदाच्या हिंदी भावंडापासून इंग्रजीत गेला, आणि पाटण्याच्या शेख दीन महंमदाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात ब्रायटन येथे या चांपण्याचीच स्नानगृहे चालविली. तेव्हा त्याचा अर्थ मालीश असा होता. केस धुण्याचा अर्थ मागाहून चिकटला.

शिकेकाई हे नाव दक्षिणेकडचे. बेळगावकडून आलेल्या सुना तिला कानडीत ‘सीगेकायी’ म्हणतात; सीगे हे झुडूप आणि कायी म्हणजे फळ. सह्याद्रीच्या रानात ही काटेरी वेल झाडांवर चढलेली दिसते. रिठ्याच्या मात्र दोन जाती आहेत, एक दक्षिणेतील आणि एक हिमालयाच्या पायथ्याची. दोन्ही चालतात.

खरेदीस बडोद्यात ‘गांधी’च्या दुकानी जावे, इंदूर-ग्वाल्हेरकडे पंसाऱ्याकडे. (गांधी म्हणजे असल्या काष्ठौषधी विकणारा, आडनाव त्यावरून पडले.) पुडी घेऊ नये, सगळ्या शेंगा घ्याव्यात. पुडीत काय दळले आहे ते डोळ्यांस दिसत नाही, शेंगेला कीड लागली असेल तर भोक दिसते. शिकेकाई अर्धा किलो, आवळकाठी दोनशे ग्रॅम, बी काढलेली रिठ्याची साल शंभर ग्रॅम, मेथी, नागरमोथा आणि कपूरकाचरी प्रत्येकी पन्नास ग्रॅम, आणि घरीच वाळविलेल्या संत्र्याच्या साली मूठभर. केस फार तेलकट असतील तर रिठा थोडा वाढवावा. कोरडे असतील तर रिठा निम्मा करून मेथी दुप्पट घ्यावी. मेथीच्या बुळबुळीतपणाने केस मऊ राहतात. नागरमोथा व कपूरकाचरी मुख्यतः सुवासासाठी. नसली तरी अडत नाही.

शेंगा फोडून बिया काढाव्यात आणि सारे चैत्र-वैशाखाच्या उन्हात तीन दिवस कडकडीत वाळवावे. गिरणीवाला हे दळण सहसा शेवटी घेतो, आणि त्याचे बरोबर आहे. शिकेकाई उडाली की सगळी रांग शिंकू लागते, आणि मागच्या माणसाची कणीक कडू होते. नाका-तोंडाला फडके बांधून दळणाजवळ जावे. घरी आणून वस्त्रगाळ करावी, कोरड्या बरणीत भरावी, ओला चमचा घालू नये.

आता मुख्य गोष्ट, जिथे बहुतेकांचे चुकते. भुकटी केसांवर चोळावयाची नाही. तिचे पाणी करावयाचे. दोन मोठे चमचे भुकटी अर्ध्या लिटर पाण्यात रात्री भिजवावी, सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे उकळावी, निवू द्यावी आणि मलमलीतून गाळावी. चोथा अडकण्याची तक्रार एवढ्याने संपते. हे पाणी फार फेसाळत नाही. म्हणून काही होत नाही असे समजून लोक पुन्हा पुन्हा घासतात आणि केस राठ करून घेतात. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. केस आधी भिजवून पाणी थोडे थोडे मुळांशी मुरवावे, पाच मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे. आदल्या दिवशी वाटीभर तेल थापले असेल तर एका धुण्यात निघत नाही. तेल बेताने लावावे, नाहीतर दोनदा धुवावे. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे.

डोळ्यांत गेल्यास साध्या पाण्याने बराच वेळ धुवावे. लाली राहिली तर वैद्य-डॉक्टरांस दाखवावे. तान्ह्या मुलांस व डोक्यास जखमा असणाऱ्यांस हे वापरू नये. टकलावर केस उगवतील किंवा पांढरे काळे होतील अशी आशाही धरू नये. लोखंडी कढईत भिजविलेला आवळा काळा पडतो तो त्यातील तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून; जुन्या शाईचा रंगही असाच होई. तो केसांवर थोडा चढतो इतकेच. दहा मिनिटांत केस कुळकुळीत काळे करणारी ‘काळी मेहंदी’ मिळाली तर तीत वनस्पतीखेरीज रासायनिक रंग आहे असे समजावे. त्याने काहींच्या कातडीस चांगलीच इजा होते.

केस सुती पंचाने टिपावेत, झटकू नयेत. गाळून उरलेला चोथा टाकू नका. देवघरातील पितळी समया त्याने लख्ख निघतात, आणि नुसत्या रिठ्याच्या पाण्यात पेटीतील रेशमी पातळे व लोकरी शाली धुता येतात. सोनार दागिने उजळण्यास तेच वापरीत आले आहेत.