नाद वेगळा, धसका वेगळा : 'डोक्यात तेच घेऊन बसलाय' म्हणण्याआधी हे वाचा

मंठा : बसस्टँडवर उभा असलेला बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा डोळ्यांसमोर आणा. गाडी आत वळायच्या आधीच तो सांगतो, ही लोणारची, ही परतूरची, ही जिंतूरहून आली. गाडीची बॉडी दापोडीला बांधली, चिकलठाण्याला की नागपूरच्या हिंगण्याला, हेही त्याला नंबरवरून कळतं. नावानं हाक मारली तर वळून बघत नाही, पण एसटीचं विचारलं की अर्धा तास तोंड थांबत नाही.

त्याच स्टँडच्या बाकावर पस्तिशीचा एक माणूस बसलाय. मांडीवर रिपोर्टची पिशवी. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही वेळेस नॉर्मल. तरी हा जालन्याला तिसऱ्या डॉक्टरकडं निघालाय, कारण रात्री दोन वाजता मोबाईलवर 'छातीत डावीकडं टोचतं' असं टाकलं आणि जे वाचलं त्यानं झोपच उडाली.

दोघांच्याही घरचे एकच वाक्य बोलतात, "डोक्यात तेच घेऊन बसलाय." वरवर बघितलं तर खरंही आहे. दोघंही एकाच गोष्टीचं वाचतात, तेच बोलतात, तेच विचारतात. पण आत जे चाललंय ते अगदी उलटं आहे. उपाय चुकला तर एकाचा आनंद जातो आणि दुसऱ्याचे पैसे.

पोराचा नाद

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा आजार नव्हे, मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. आईबापाच्या संगोपनानं होत नाही, लसीनंही होत नाही. अशा बऱ्याच जणांना एखाद्या विषयाचा खोल नाद असतो. रेल्वे, नकाशे, पंखे, कॅलेंडरच्या तारखा, ट्रॅक्टरचे मॉडेल, काहीही.

लिओ कॅनर या डॉक्टरनं १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांची नोंद केली, तिथून या विषयाचा वैद्यकीय अभ्यास सुरू झाला. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. त्याला आकड्यांचा नाद. पुढं तो गावातल्याच बँकेत कामाला लागला, गोल्फ खेळला, जग फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. गावानं त्याला आहे तसा सांभाळून घेतला, ही त्या गोष्टीतली मोठी बाब. आपल्याकडं असं पोरगं दिसलं की पहिली चक्कर देवरशाकडं होते, हे कटू असलं तरी खरं आहे.

हा नाद पोराला शांत करतो. शाळेतला गोंगाट, लग्नातला डीजे, पाहुण्यांची गर्दी यांनी डोकं भणाणलं की एसटीचं वेळापत्रक म्हणून दाखवल्यावर त्याला बरं वाटतं. वेळापत्रक ठरलेलं असतं, माणसं ठरलेली नसतात. म्हणून वही हिसकावली, मोबाईल काढून घेतला, "बस झालं तुझं येडं" म्हटलं की पोरगं ओरडतं, स्वतःला मारून घेतं. लोक त्याला हट्ट समजतात. खरं तर त्याचा आधार आपणच काढून घेतलेला असतो.

मोठ्याचा धसका

आता बाकावरचा माणूस. त्याला वाचून बरं वाटत नाही, उलट घाम फुटतो. तो आजाराबद्दल वाचतो ते आवड म्हणून नाही, तर 'मला तो नाही ना' एवढं पक्कं करायला. आणि ते कधीच पक्कं होत नाही. डॉक्टर म्हणाले काही नाही, की दोन दिवस बरं जातं. तिसऱ्या दिवशी मनात येतं, मशीन तर खराब नसेल?

हा धसका स्वतःच शरीराला कामाला लावतो. भीती वाटली की छाती धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, पोटात कालवतं. माणूस तीच लक्षणं पुरावा म्हणून धरतो. भीती वाढते, धडधड वाढते. मानेची गाठ दिवसातून पन्नास वेळा दाबून बघणाऱ्याची मान शेवटी दुखायला लागतेच, आणि त्याला वाटतं गाठ वाढली.

पूर्वी याला हायपोकॉन्ड्रिया म्हणायचे. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या यादीत हे नाव गेलं, त्याजागी 'आजाराच्या चिंतेचा विकार' असं आलं. शरीरात लक्षणं नाहीत किंवा अगदी किरकोळ आहेत, तरी मोठ्या आजाराची चिंता सहा महिने किंवा जास्त काळ सुटत नाही, अशी त्याची ओळख. हे नाटक नाही. त्या माणसाला होणारा त्रास खराच असतो.

बातम्या यात तेल ओततात, आमच्या धंद्यासकट. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण निघाले, तेव्हा पाय जरा जड पडला तरी तोच आजार आठवावा असं वातावरण होतं. त्याच महिन्यात शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस झपाट्यानं गळून टक्कल पडलं. तिथं त्रास खरा होता, तपासायला आयसीएमआरचं पथक आलं, आणि आपल्या जालना जिल्ह्यातच जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडं बोट दाखवलं. पण ज्या गावात काहीच नाही तिथं कंगव्यातले चार केस मोजत बसणं, ही धसक्याची सुरुवात.

फरक कसा ओळखायचा

एकच प्रश्न विचारा : वाचून, बोलून झाल्यावर चेहरा खुलतो की उतरतो? नाद असेल तर माणूस खुलतो, दुसऱ्याला सांगायला धावतो. धसका असेल तर तो लपवतो, नाहीतर "मला काही होणार नाही ना?" असं तेच तेच विचारत राहतो.

गंमत अशी की नाद आजारांचाही असू शकतो. एखाद्या स्वमग्न मुलीला सगळ्या लसींची, हाडांची, जंतूंची नावं तोंडपाठ असतात आणि भीती शून्य. ती पुढं लॅबमध्ये चांगली नोकरी करेल. तिला धाक दाखवून थांबवू नका.

आणि कधी दोन्ही एकाच माणसात असतात. स्वमग्न व्यक्तींमध्ये चिंतेचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळतात. भूक, दुखणं, धडधड असे आतले इशारे त्यातल्या बऱ्याच जणांना वेगळे जाणवतात, काहींना फार, काहींना जवळजवळ नाहीच. नादाचाच विषय हळूहळू भीतीचा झाला तर झोप आणि जेवण बिघडतं. तिकडं लक्ष ठेवा. उलट बाजूही ध्यानात असू द्या. असं पोरगं पोट धरून बसलं किंवा एकाएकी चिडचिड करू लागलं तर "त्याचं नेहमीचंच" म्हणू नका. अपेंडिक्स असेल, दाढ किडली असेल, त्याला सांगता येत नसेल. आधी डॉक्टर.

करायचं काय

नादाला वाट द्या. एसटीतून गणित शिकवा, पाट्यांवरून वाचन. वेळ ठरवून द्या, पण बंद करू नका.

धसक्याला मात्र खतपाणी नको. "काही झालं नाही तुला" हे दिवसातून वीस वेळा सांगून उपयोग होत नाही, कारण ते दोन दिवसांच्या रिपोर्टसारखंच आहे. एकदा नीट तपासणी, मग एकच डॉक्टर धरायचा. रात्री लक्षणं सर्च करायची नाहीत, नाडी मोजायची नाही. समुपदेशनात विचार आणि सवय बदलण्याची जी पद्धत वापरतात तिनं यात चांगला फरक पडतो, गरज पडली तर गोळ्याही असतात. 'फुल बॉडी'ची ऑफर बघून दर महिन्याला पैसे घालवण्यापेक्षा हे स्वस्त आहे. मात्र छातीत जोरात दाबल्यासारखं होऊन दुखणं हात-जबड्याकडं गेलं, दरदरून घाम आला, तर धसका समजून थांबू नका, १०८ लावा.

कुठं जायचं

टेली-मानस १४४१६ हा केंद्र सरकारचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मनाच्या आजाराचे डॉक्टर जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत भेटतील, निघण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्या, एक चक्कर वाचेल.

पोरगं दोन वर्षांचं होऊनही बोलत नसेल, नजर देत नसेल, तर 'बाप बी उशिरा बोलला होता' म्हणत थांबू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवा. ते पुढं पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, त्यामुळं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. शिवाय 'निरामय' या आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च बसतो, त्यात थेरपीचाही समावेश आहे. अर्जाला आधार, फोटो आणि दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, म्हणून आधी प्रमाणपत्राच्या मागं लागा.