पस्तीस वर्षांनी सापडलेले गिटारवाले आजोबा

दोस्तांनो, टेबलावर अंगठ्यानं ठेका धरा पाहू. ठक्-ठक्, ठक्-ठक्. थांबवायचा नाही हं! आता त्याच हाताच्या दोन बोटांनी मधेमधे वेगळंच काहीतरी वाजवा. काय, अंगठा अडखळला ना?

अमेरिकेतल्या जॉन हर्ट यांचा अंगठा मात्र अडखळत नसे. तो गिटारच्या जाड तारांवर ठेका सांभाळायचा आणि बाकीची बोटं बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवायची. ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं जण वाजवताहेत! मिसिसिपी राज्यातल्या अ‍ॅव्हलॉन नावाच्या खेड्यात लहानपणी ते हे आपलं आपणच शिकले. तिथल्या काळ्या कष्टकरी लोकांच्या गाण्यांना 'ब्लूज' म्हणतात.

१९२८ साली त्यांच्या तबकड्या निघाल्या. पण फारशा खपल्या नाहीत. पुढच्याच वर्षी महामंदी सुरू झाली. जॉन पुन्हा शेतमजुरीला लागले. जग त्यांना विसरून गेलं.

१९६३ साली टॉम हॉस्किन्स या तरुणानं त्यांची जुनी तबकडी ऐकली. गाण्यात गावाचं नाव होतं, अ‍ॅव्हलॉन! नव्या नकाशात ते सापडेना. जुन्या नकाशात सापडलं. टॉम थेट तिथं पोचला. गोरा पाहुणा दारात बघून जॉनआजोबांना वाटलं, गुप्त पोलीसच आला! त्या काळी तिथल्या काळ्या लोकांना पोलिसांची धास्तीच असे. आजोबांकडे स्वतःची गिटारही नव्हती. टॉमनं आपली दिली. ती वाजू लागली आणि त्याची खात्री पटली, हेच ते!

त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते हजारो लोकांपुढे गायले. पण त्यांचं गाणं खुलायचं छोट्या जागेत. वॉशिंग्टनच्या एका कॉफीहाउसमध्ये ते नेहमी गात. डोक्यावर हॅट, मांडीवर विजेविना वाजणारी साधी गिटार आणि आजोबांनी नातवंडांना गोष्ट सांगावी तसा हळुवार आवाज. ओरडणं नाही, घाई नाही. ऐकायचं तर आपणच गप्प बसायचं!

१९६६ साली ते वारले. कौतुकाची वर्षं मिळाली जेमतेम तीन. पस्तीस वर्षं ती कला त्यांच्या बोटांत होतीच. विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच.

तुमच्या गल्लीतही असे कुणी आजी-आजोबा असतील. आई-बाबांना घेऊन जा, विचारून तर बघा! आणि हो, अंगठा थांबवू नका.