व्याजाचा रकाना

1990 साली दलाल स्ट्रीटलगतच्या एका पेढीवर मी उमेदवारीला लागलो, तेव्हा ज्या खरेदीविक्रीचे मला विलक्षण आकर्षण होते तिच्या जवळपासही कित्येक महिने मला कोणी फिरकू दिले नाही. वाट्याला आली ती रोजकीर्द, खतावणी आणि हस्तांतरपत्रांवरील सह्यांची रुजवात. विकणाऱ्याची सही कंपनीच्या दप्तरातील नमुन्याशी जुळली नाही, की पुष्कळ दिवसांनी कागद परत येत. आणि ज्या समभागांचे मोल आपण केव्हाच चुकते केले ते अद्याप आपल्या नावावर चढलेलेच नाहीत, हे अशाच एका परत आलेल्या लखोट्याने मला प्रथम शिकवले.

भाव एकच असतो, ही माझी दुसरी समजूत. शेअरबाजाराच्या रिंगणातून परतलेल्या कारकुनाची सौदावही उघडून पेढीच्या मेहताजींनी दाखवले, की तारवणीवाला, म्हणजे रिंगणात स्वतःच्या खात्यावर घेणारा-विकणारा, नेहमी दोन भाव पुकारतो, एक स्वतः घेण्याचा आणि त्याहून किंचित चढा देण्याचा. तेव्हा बाजार तसूभरही न हलता घेऊन लगेच विकणाऱ्याला त्या दोहोंमधील अंतर पदरचे भरावे लागते.

मग त्यांनी मला एक हिशेब घातला. 84 रुपयांनी घेतलेले 100 समभाग तीन आठवड्यांनी 86 ला विकले, नफा किती? मी तत्काळ 200 लिहिले. शेकडा एक दलालीने खरेदीचे 84 आणि विक्रीचे 86 वजा जाता 30 उरले, तेही मी मांडले, आणि वही पुढे केली. चष्म्यावरून पाहत ते शांतपणे म्हणाले, "व्याज कुठे लिहिलंस?" 8,400 रुपये दरसाल दरशेकडा 12 ने 21 दिवस अडकले होते, त्याचे 58 झाले, आणि नफ्याचा सौदा 28 रुपयांच्या तोट्यात गेला. ही वजाबाकी करताना मला जे वाटले ते पुढे कोणत्याही तेजीत वाटले नाही.

1995 मध्ये रिंगणातील आरोळ्यांच्या जागी संगणकाचे पडदे आले, पुढे समभागांचे कागदही गेले, आणि त्यांच्याबरोबर सह्यांची ती रुजवातही संपली. आज एखादा तरुण माझ्याकडे येऊन कोणता शेअर घ्यावा असे विचारतो, तेव्हा मी कोरा कागद काढून त्यावर खरेदी, विक्री आणि दलाली यांचे रकाने आखतो, आणि चौथा रकाना तो स्वतःहून मागतो का, याची वाट पाहतो.