दापोडीचा जॉर्जियन काळातला बंगला

महाळुंग्याजवळून वाहणारी मुळा दापोडीला पवनेला मिळते. पुण्याच्या ब्रिटिश वास्तुइतिहासाचं एक सुरुवातीचं पान तिथे लिहिलं गेलं.

● मूळ मालक : कॅप्टन फोर्ड, पेशव्यांच्या कवायती पलटणीचा इंग्रज अधिकारी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांविरुद्धच्या खडकीच्या लढाईत त्याची पलटण दापोडीहूनच इंग्रजांच्या मदतीला गेली.

● गव्हर्नरचं निवासस्थान : राजा चौथ्या जॉर्जच्या कारकिर्दीत, १८२८ मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ही जागा सरकारसाठी घेतली.

● बाग : आवारात वनस्पती उद्यान उभं राहिलं. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली काढलेली तिथल्या वनस्पतींची देखणी चित्रं आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत.

● शैली : जॉर्जियन घराची ओळख म्हणजे काटेकोर सममिती, मधोमध दार, दोन्ही अंगांना समान अंतरावर खिडक्या. भारतात ऊन-पावसामुळे या शैलीला खोल व्हरांडा आणि उंच छताची जोड मिळाली.

● वारसदार : दापोडीनंतरचं गव्हर्नरचं निवासस्थान, गणेशखिंडीतलं गव्हर्नमेंट हाउस (१८६४–७१). वास्तुकार जेम्स ट्रबशॉ. उंच मनोऱ्याची ही इटालियन धाटणीची वास्तू व्हिक्टोरियन काळातली. १९४९ पासून तिथे पुणे विद्यापीठ आहे. पुणेकरांनी ती आवर्जून पाहावी आणि जपावी.