मोऱ्याची चाकं

मुंबईचा पूर्व किनारा पाहुण्यांना दाखवायला कुणी नेत नाही. कॉटन ग्रीन स्टेशनच्या पश्चिमेला काळाचौकी आणि अभ्युदयनगर; पूर्वेला पोर्ट ट्रस्टची गोदामं, कापूस बाजाराची जुनी इमारत, ट्रकांच्या रांगा. रे रोडकडं सरकलं की दारूखाना, भंगार लोखंडाची आणि मोडीत काढलेल्या जहाजांची वस्ती. आणखी दक्षिणेला भाऊचा धक्का. तिथून सुटणारी लाँच तासाभरात मोऱ्याला पोचवते. उरण तालुक्यातल्या या बंदरगावात १९४१ साली दोन पारशी उद्योजकांनी चाकं बनवायला घेतली. गाडीची नव्हेत. ही चाकं जागच्या जागी फिरतात आणि लोखंड झिजवतात. देशात बनलेली पहिली ग्राइंडिंग व्हील्स ती हीच.

आजही कुठल्याही वर्कशॉपमध्ये कारागीर त्यांना सरळ ‘दगड’ म्हणतो. ‘दगड बदल’, ‘दगड बसलाय, ड्रेसर मार’ ही तिथली रोजची भाषा; ड्रेसर म्हणजे चाकाचा पृष्ठभाग पुन्हा धारदार करायचं अवजार. पण हा दगड कुठल्या खाणीतून येत नाही, तो कारखान्यात घडवावा लागतो. यंत्राचा भाग गुळगुळीत आणि नेमक्या मापाचा करणारा शेवटचा हात त्याचाच असतो.

मुंबईच्या गिरणगावाला, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीला, त्याची गरज फार आधीपासून होती. सुताच्या गिरणीत कार्डिंग खात्यातल्या यंत्रांवर बारीक तारांचं आवरण असतं. कापसाचे तंतू विंचरून सरळ करायचं काम त्या तारा करतात. तारा बोथट झाल्या की सुतात गाठी येतात. म्हणून कुरुंदाचा, म्हणजे अतिशय कडक खनिजाच्या कणांचा, थर दिलेला रोलर त्यांच्यावर फिरवून धार लावायची. या खात्यात ‘ग्राइंडर’ नावाची स्वतंत्र नोकरीच असे. सूतकताईच्या यंत्रांवरचे रबरी रोलरही ठराविक काळानं घासून पुन्हा एकसारखे करावे लागत. लालबाग-परळचा माणूस गिरणीची गोष्ट सांगताना जॉबर, साचे आणि भोंग्याबद्दल भरभरून बोलतो. घासणाऱ्या चाकाची आठवण त्याला क्वचितच येते.

सगळा माल तेव्हा परदेशातून येई. दुसरं महायुद्ध पेटलं, जहाजांवर लष्करी माल चढू लागला आणि आयातीची खात्री उरली नाही. इकडं युद्धाच्या मागणीमुळं गिरण्या आणि वर्कशॉपं मात्र जोरात होती. मोऱ्याच्या कारखान्याची सुरुवात त्या काळातली आहे. उरणची ओळख तोवर मिठागरांची आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्यांची. एकोणिसाव्या शतकात मुंबईला लागणारी बरीचशी दारू इथून जायची. आता तिथं वेगळीच भट्टी पेटली.

चाक घडवायची ही विद्या जगातही फार जुनी नव्हती. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या वालुकाश्माच्या दगडावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावत आणि त्या दगडाची गारेची धूळ छातीत जाऊन तरुणपणीच मरत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी फ्रँक नॉर्टन नावाच्या कुंभाराचा कारखाना होता. त्याच्याकडच्या स्वेन पुल्सन या स्वीडिश कामगारानं १८७३ च्या सुमारास कुरुंदाचे कण मातीत मिसळून चाक घडवलं आणि ते भट्टीत भाजलं. हे बिअरच्या पैजेतून झालं असं सांगतात; खरंखोटं तो कुंभार जाणे. १८८५ मध्ये त्यातून नॉर्टन कंपनी उभी राहिली. पुढं १८९१ मध्ये एडवर्ड अॅचिसन या संशोधकानं माती आणि कोळशाची पूड विजेनं तापवली, तेव्हा चमकदार, काचेवर ओरखडा काढणारे स्फटिक हाती आले. ते सिलिकॉन कार्बाइड. बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून कृत्रिम कुरुंद करायची रीतही त्याच दशकातली. कणांचा कडकपणा दर खेपेला बदलणाऱ्या नैसर्गिक खनिजावर विसंबायची गरज मग संपली.

चाक म्हणजे एक प्रकारची चिक्की. दाणे म्हणजे कडक कण, गूळ म्हणजे त्यांना धरून ठेवणारं बंधन, आणि मधल्या मोकळ्या जागाही तितक्याच कामाच्या, कारण धातूचा कीस आणि पाणी त्यांतूनच निघून जातं. बंधन मातीचं असेल तर मिश्रण साच्यात दाबून, वाळवून सुमारे १,२०० अंशांच्या भट्टीत भाजतात आणि माती काचेसारखी होऊन कणांना धरते. कापायच्या पातळ चाकांना राळेचं बंधन असतं.

खरी करामत या बंधनातच आहे. चाक कडक की मऊ, हे कणांवर नव्हे, त्यांची पकड किती घट्ट त्यावर ठरतं. आणि नियम ऐकायला उलटा वाटतो: कडक पोलादाला मऊ चाक, मऊ पोलादाला कडक. कडक पोलादावर कण लवकर बोथट होतात. बोथट कण वेळेवर गळून पडला तरच मागचा ताजा, धारदार कण पुढं येतो. पकड जास्त झाली तर बोथट कण तसेच चिकटून राहतात, चाक आरशासारखं चकाकतं, धातू घासला न जाता नुसता तापतो, निळा पडतो. पकड कमी असेल तर महागडं चाक बघता बघता संपतं. चाकावर ‘ए ४६ के ५ व्ही’ असं काही लिहिलेलं असतं त्यात हीच कुंडली असते: कण कुरुंदाचे, चाळणी ४६ ची, पकड ‘के’ दर्जाची, कणांमधली विरळाई ५, बंधन भाजलेल्या मातीचं.

मोऱ्याच्या या उद्योगाची १९५० मध्ये ‘ग्राइंडवेल अॅब्रेझिव्हज’ ही कंपनी झाली. पुढं वूस्टरच्या नॉर्टनशी तिची भागीदारी जुळली आणि नाव ‘ग्राइंडवेल नॉर्टन’ झालं. १९९० मध्ये फ्रान्सच्या सँ-गोबँनं नॉर्टनच विकत घेतली. सँ-गोबँची सुरुवात १६६५ ची, चौदाव्या लुईच्या काळात आरसे बनवण्यासाठी. अशा रीतीनं व्हर्सायच्या महालाला आरसे पुरवणाऱ्या घराण्याशी मोरा बंदराचं नातं जडलं. दरम्यान बंगळूर, नागपूर, तिरुपती इथंही कारखाने झाले.

या चाकाचं काम जवळून बघायचं तर इंजिनं दुरुस्त करणाऱ्या गाळ्यात जावं. जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा क्रँकशाफ्ट झिजला की तो फेकून न देता क्रँक ग्राइंडिंगला जाई. तिथला कारागीर विचारणार, ‘दहा की वीस?’ दहा म्हणजे दहा थाऊ, इंचाचे दहा हजारांश. तेवढा थर उतरवायचा आणि तितक्या मापाचे बेअरिंग बसवायचे. मोठं चाक पाण्याच्या धारेखाली फिरत राहतं, कारागीर मायक्रोमीटर लावतो, पुन्हा चाक टेकवतो. या ‘दहा-वीस’वर टॅक्सीचं इंजिन आणखी काही वर्षं चालायचं.

चाक बसवण्याआधी जुना कारागीर त्याला मधल्या भोकात बोट घालून उचलतो आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोकतो. खणखणीत आवाज आला तर चाक धड. बद्द वाजलं तर आत तडा आहे. हा नुसता रिवाज नाही. आठ इंची चाक मिनिटाला २,८०० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३० मीटर, ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो. त्या वेगात चाक फुटलं की तुकडे गोळीसारखे सुटतात. १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टचं ३० वं कलम याचसाठी होतं: ग्राइंडिंग चालतं त्या खोलीत प्रत्येक चाकाच्या कडेचा कमाल सुरक्षित वेग लिहिलेली पाटी लावलीच पाहिजे, असं ते सांगे. लहान गाळ्यांत देवाची तसबीर हमखास दिसते, ही पाटी शोधावी लागते. चाकाच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेला जाड कागद लेबल म्हणून उपटून काढणारे महाभागही भेटतात. तो कागद दोन्हीकडच्या पोलादी तबकड्यांचा दाब सारखा पसरावा म्हणून असतो.

मोरा आता पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावाशेवा अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकललाही हिरवा झेंडा मिळाला. सेतूचं मुंबईकडचं टोक असलेलं शिवडी हे कॉटन ग्रीनच्या पुढचंच स्टेशन. मालाचं म्हणाल तर दारूखान्यात पत्रे आणि सळया कापायला लागणारी पातळ चाकं नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत ढिगांनी मिळतात. त्यांत देशी, चिनी, नामांकित, बेनामी सगळी असतात. घेताना किंमत सगळेच विचारतात. मधल्या पत्र्याच्या कड्यावर छापलेली मुदत मात्र फार थोडे वाचतात. राळ ओल धरते आणि कमजोर होते, म्हणून चांगल्या कंपन्या अशा चाकाला साधारण तीन वर्षांची मुदत देतात. मुंबईच्या पावसाळ्यात गाळ्याच्या कोपऱ्यात उघड्यावर ठेवलेल्या चाकांनी ती तीन वर्षंही काढावीत, अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.